होल्डर तापतो त्याचे कारण शोधणारा माणूस : जेम्स ज्यूल

जुना पिवळा बल्ब तासभर जळला की त्याच्या होल्डरला हात लावता येत नाही. इस्त्रीचा प्लग काढताना पिना चटका देतात. स्विचबोर्डच्या एका भोकाभोवती तपकिरी डाग पडतो आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. प्रत्येक घरात कधी ना कधी हे झालेले असते, आणि बहुतेक वेळा त्याकडे दुर्लक्ष केले जाते. वीज वाहताना उष्णता नेमकी किती निर्माण होते, याचा हिशेब 1840 साली इंग्लंडमधल्या एका तरुणाने मांडला. तेव्हा त्याच्या वयाला 22 वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्याच्याकडे कुठल्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. घरचा धंदा बिअर बनवण्याचा होता. त्याचे नाव जेम्स प्रेस्कॉट ज्यूल.

नाजूक प्रकृतीचा मुलगा

ज्यूलचा जन्म 24 डिसेंबर 1818 रोजी मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड गावात झाला. वडील बेंजामिन ज्यूल हे मोठे बिअर उत्पादक होते, त्यामुळे घरी पैशाची ददात नव्हती. मुलाची तब्येत मात्र तोळामासा होती. पाठीच्या कण्यात दोष होता आणि त्यावर लहानपणी बरीच वर्षे उपचार चालले. स्वभावही बुजरा होता. त्यामुळे त्याला शाळेत न घालता घरीच शिकवण्यात आले.

वयाच्या सोळाव्या वर्षी, 1834 मध्ये, वडिलांनी त्याला आणि थोरल्या भावाला एका नामांकित शिक्षकाकडे पाठवायला सुरुवात केली. हे शिक्षक म्हणजे अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन. रंगांधत्वाचे पहिले शास्त्रीय वर्णनही याच डाल्टननी केले होते, कारण तो दोष त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत होता. डाल्टननी दोन्ही मुलांना आधी अंकगणित आणि भूमिती घोटवून घ्यायला लावली. पुढे 1837 मध्ये डाल्टनना पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी थांबली. मोजमाप काटेकोर हवे, ही शिकवण मात्र ज्यूलच्या अंगात भिनली.

विजेचे वेड त्याला तरुणपणीच लागले होते. तो आणि त्याचा भाऊ एकमेकांना आणि घरातल्या नोकरमाणसांना विजेचे झटके देऊन पाहत. त्या काळी विजेचा झटका म्हणजे करमणूक होती. तिने जीव जातो, याची जाण समाजात यायला अजून बराच अवकाश होता.

बिअरच्या कारखान्यातला प्रश्न

वडिलांच्या कारखान्यात वाफेचे इंजिन होते. त्या जागी बॅटरीवर चालणारी विजेची मोटार बसवली तर खर्च वाचेल का, असा व्यवहारी प्रश्न ज्यूलला पडला. 1838 पासून त्याने मोटारी बनवून पाहिल्या. उत्तर निराश करणारे निघाले. बॅटरीत खर्ची पडणारे जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग पडत होते आणि काम कमी करत होते. पण या खटपटीत एक गोष्ट त्याच्या नजरेत भरली. तारेतून वीज सोडली की तार तापते, आणि मोटार चालवण्यासाठी वापरता आली असती अशी शक्ती त्या तापण्यात जाते. मग ती नेमकी किती जाते?

त्याने तारेचे वेटोळे पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात ठेवले, त्यातून वीज सोडली आणि पाणी किती तापते ते मोजले. प्रवाह मोजण्याचे यंत्र त्याने स्वतः बनवले होते. तारा बदलून, प्रवाह बदलून त्याने हे मोजमाप पुन्हा पुन्हा केले. डिसेंबर 1840 मध्ये त्याने आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. सोसायटीने त्याचा फक्त गोषवारा छापला. संपूर्ण निबंध पुढच्या वर्षी दुसऱ्या नियतकालिकात आला.

नियम असा होता. तारेत निर्माण होणारी उष्णता तारेच्या रोधाच्या प्रमाणात वाढते आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, तिप्पट केला तर नऊपट. रशियात लेन्झ नावाच्या शास्त्रज्ञाने 1842 मध्ये स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले, म्हणून काही देशांत याला दोघांचे नाव आहे. आपल्याकडे दहावीच्या विज्ञानात हा ज्यूलचा नियम म्हणून शिकवला जातो.

होल्डरमध्ये काय होते

या नियमावरच बल्ब चालतो. त्यातल्या बारीक तारेचा रोध मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे ती पांढरीशुभ्र होईपर्यंत तापते. अशा बल्बला मिळणाऱ्या विजेपैकी 90 टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेच्या रूपात बाहेर पडतो. बल्ब खाली तोंड करून लटकवला असेल तर गरम हवा वर चढते आणि थेट होल्डरला शेकते. वर बंद शेड असेल तर उष्णता कोंडून राहते. वर्षानुवर्षे असे शेकून होल्डरचे बॅकेलाइट ठिसूळ होते, तडकते, आणि वायरीचे आवरण कडक होऊन गळून पडते.

आपल्याकडच्या दोन खिळ्यांच्या होल्डरमध्ये आत दोन स्प्रिंगवाले खटके असतात. ते बल्बच्या बुडाला दाबून बसतात आणि वीज पुढे देतात. हा दाब पक्का असेपर्यंत त्या जागेचा रोध नगण्य असतो. पण सतत तापल्यावर स्प्रिंग मऊ पडते, खटक्यांवर काजळी आणि गंज चढतो. दाब कमी झाला की रोध वाढतो. रोध वाढला की तीच जागा आणखी तापते. तापली की स्प्रिंग आणखी सैल होते. अखेर बारीक ठिणग्या उडू लागतात, बल्ब लुकलुकतो आणि चरचर आवाज येतो. वायरमन ज्याला लूज कनेक्शन म्हणतो ते हेच.

बल्बचा प्रवाह अर्ध्या अँपिअरहूनही कमी असतो, म्हणून होल्डरमधले हे दुखणे हळूहळू वाढते. घात होतो तो त्याच होल्डरमध्ये पिन घालून इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड लावला जातो तेव्हा. 2000 वॅटचा रॉड किंवा गीझर जवळपास 9 अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणजे 100 वॅटच्या बल्बच्या 20 पट प्रवाह, आणि ज्यूलच्या नियमाने त्याच सांध्यात 400 पट उष्णता. प्लगच्या एका सैल पिनेत फक्त एक ओहम रोध असला तरी त्या पिनेत सुमारे 70 वॅट उष्णता निर्माण होते. नखाएवढ्या जागेत 70 वॅटचा दिवा कोंडून ठेवण्यासारखेच हे आहे. प्लॅस्टिक वितळायला आणि शेजारचा पडदा पेटायला याहून जास्त काही लागत नाही.

फ्यूजही याच नियमाचा चाकर आहे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की त्याची बारीक तार आधी वितळते आणि घर वाचते. किटकॅटमध्ये फ्यूज तारेऐवजी जाड तांब्याची तार गुंडाळली की तो चाकर निकामी होतो आणि तापण्याचे काम भिंतीतल्या वायरिंगवर येते. शेतातल्या मोटारीच्या पेटीत हा प्रकार फार पाहायला मिळतो. सैल सांध्यापुढे मात्र चांगला फ्यूजही हतबल असतो. तिथे प्रवाह वाढलेलाच नसतो, एकच जागा तापत असते. म्हणून वास, डाग, चरचर आणि गरम पिना या चार खुणा डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनीच ओळखाव्या लागतात.

एलईडी आल्यावर उष्णतेचा प्रश्न कमी झाला, संपला नाही. एलईडी वीज कमी घेतो, पण जी उष्णता तयार होते ती प्रकाशाबरोबर पुढे फेकली जात नाही, ती मागच्या बाजूने बुडाकडे उतरते. म्हणून त्याच्या मानेला ॲल्युमिनियमचा भाग दिलेला असतो. बंद घुमटीत किंवा हवा न खेळणाऱ्या शेडमध्ये बसवलेला एलईडी लवकर जातो याचे कारण हेच. मे महिन्यात वरणगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत तो त्याहून चढतो. तिथे उष्णता बाहेर टाकायला मुळातच वाव कमी राहतो.

शरीरालाही तोच नियम

ज्यूलने तारा मोजल्या, पण त्याचा नियम मांसालाही सोडत नाही. हाताची कोरडी त्वचा विजेला चांगला विरोध करते, तिचा रोध हजारो ओहम असतो. घामाने किंवा पाण्याने भिजलेल्या त्वचेचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. 230 व्होल्टच्या घरगुती विजेला मग शरीरातून एका अँपिअरच्या पाचव्या भागाहून अधिक प्रवाह सोडता येतो. हृदयाचा ठोका बिघडवून माणूस दगावायला याच्या निम्मा प्रवाहही पुरतो. खान्देशच्या उन्हाळ्यात ओल्या पायांनी लोखंडी कूलरमध्ये पाणी भरताना होणारे मृत्यू याच हिशेबात बसतात. कूलरचा प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नये. घराला अर्थिंग असावे. गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा.

विजेच्या भाजण्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. बाहेर त्वचेवर रुपयाएवढीच जखम दिसते, पण प्रवाह आत स्नायू, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंमधून गेलेला असतो आणि त्या वाटेवर त्याने उष्णता सोडलेली असते. करपलेल्या स्नायूंतले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पाडू शकते. लघवी चहासारखी गडद होणे ही त्याची खूण. म्हणून झटका बसलेला माणूस बोलत-चालत असला तरी त्याला दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा. चिकटलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. श्वास आणि नाडी नसेल तर छातीदाब ताबडतोब सुरू करावा. गरम होल्डरचा किंवा पेटलेल्या प्लगचा चटका असेल तर भाग 20 मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये.

कुणी ऐकेना

ज्यूलच्या मनात 1840 नंतर दुसरा, मोठा प्रश्न घोळू लागला. वीज तारेतून जाताना उष्णता तयार होते. ती वीज हाताने दांडा फिरवून तयार केली तर ती उष्णता हाताच्या श्रमातूनच आली, असे म्हणावे लागेल. मग ठरावीक श्रमातून ठरावीक उष्णता मिळायला हवी. त्या काळचे बरेच शास्त्रज्ञ उष्णतेला एक न दिसणारा, नाश न पावणारा द्रव मानत. श्रमातून उष्णता निर्माण होते हे विधान त्यांना पटण्यासारखे नव्हते.

ऑगस्ट 1843 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात ज्यूलने आपले आकडे विद्वानांच्या परिषदेत वाचले. सभेत शांतता होती. पुढच्या वर्षी हवा दाबून मोजलेल्या उष्णतेवरचा त्याचा निबंध रॉयल सोसायटीने परत पाठवला. बिअरवाल्याच्या मुलाने अंशाच्या बारीक भागांवर एवढा मोठा दावा करावा, हे अनेकांना मानवले नाही. पण बिअर बनवणाऱ्याला तापमानाचे भान असावेच लागते. मिश्रण थोडे जास्त तापले तर सगळा घाणा वाया जातो. मँचेस्टरच्या डान्सर नावाच्या कारागिराने त्याला असे तापमापक करून दिले की अंश फॅरनहाइटचा दोनशेवा भागही वाचता येत असे.

त्याने पाण्याच्या बंद भांड्यात पाती बसवली आणि ती फिरवायला दोऱ्यांना शिशाची वजने टांगली. वजने सुमारे दीड मीटर खाली उतरत, पाती पाणी घुसळत. वजने पुन्हा वर ओढायची आणि पुन्हा सोडायची, असे 20 वेळा. एवढे करून पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटपेक्षाही कमी वाढे. तेवढ्या वाढीतून त्याने आपला आकडा काढला.

1847 च्या वसंतात त्याने मँचेस्टरच्या एका चर्चच्या वाचनालयात साध्या श्रोत्यांपुढे हा सगळा विषय समजावून सांगितला. विद्वत्तेच्या नियतकालिकांनी दार लावले, तेव्हा दार उघडले ते एका वर्तमानपत्राने. थोरला भाऊ मँचेस्टर कुरियर या पत्रात संगीतावर लिहीत असे. त्या ओळखीने ते व्याख्यान त्या पत्रात संपूर्ण छापून आले. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हा विज्ञानातला एक पायाभूत नियम अशा रीतीने इंग्लंडमध्ये वर्तमानपत्राच्या रकान्यातून लोकांसमोर गेला.

त्याच वर्षी जूनमध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत अध्यक्षांनी त्याला थोडक्यात आटोपायला सांगितले. त्या सभेत 23 वर्षांच्या एका प्राध्यापकाचे कान टवकारले गेले. तो विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन. त्याला आधी ज्यूलचे म्हणणे चूक वाटले, पण ते सोडवत नव्हते. दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली.

ऑगस्टमध्ये ज्यूलचे अमेलिया ग्राइम्स हिच्याशी लग्न झाले आणि दोघे आल्प्स पर्वतात फिरायला गेली. तिथे वाटेत अचानक थॉमसनची भेट झाली. तेव्हा ज्यूलच्या हातात लांबलचक तापमापक होता आणि तो धबधब्याच्या वरच्या आणि खालच्या पाण्याचे तापमान मोजायला निघाला होता, अशी आठवण थॉमसनने पुढे सांगितली. तुषारांमुळे ते मोजमाप जमले नाही. हिशेब मात्र सोपा आहे. हतनूरच्या दरवाजांतून कोसळणारे तापीचे पाणी 20 मीटर खाली पडले असे धरले, तर त्याचे तापमान एका अंश सेल्सिअसच्या विसाव्या भागाइतके वाढेल.

जावाच्या बंदरातला डॉक्टर

हाच नियम ज्यूलच्या थोडा आधी एका डॉक्टरला सुचला होता. जर्मनीचा युलिउस रॉबर्ट मायर 1840 मध्ये जहाजाचा डॉक्टर म्हणून जावा बेटावर गेला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे खलाशांची शीर कापून रक्त काढताना त्याला दिसले की शिरेतले रक्त नेहमीपेक्षा जास्त लाल आहे. उष्ण प्रदेशात अंग ऊबदार ठेवायला शरीराला कमी अन्न जाळावे लागते, त्यामुळे रक्तातला प्राणवायू कमी खर्ची पडतो, असा अर्थ त्याने लावला. तिथून तो अन्न, श्रम आणि उष्णता यांच्या एकाच हिशेबापर्यंत पोचला. 1842 मध्ये त्याने ते छापलेही. पण त्याच्याकडे ज्यूलसारखी मोजमापे नव्हती, आणि त्याचेही कुणी ऐकले नाही. पहिला कोण, या वादात तो खचला. मानसिक आजाराने त्याला काही काळ रुग्णालयात काढावा लागला. रॉयल सोसायटीचे कोप्ले पदक ज्यूलला 1870 मध्ये मिळाले आणि मायरला 1871 मध्ये.

ज्यूलच्या वाट्यालाही दुःख आले. रॉयल सोसायटीने 1850 मध्ये त्याला सदस्य करून घेतले, तेव्हा त्याचे दिवस पालटले असे वाटले. पण 1854 मध्ये बाळंतपणानंतर अमेलिया गेली आणि नवजात बाळही वाचले नाही. दोन लहान मुले मागे राहिली. याच सुमारास घरचा कारखाना विकला गेला. ज्यूलने पुन्हा लग्न केले नाही.

थॉमसनबरोबरचे काम मात्र चालू राहिले. 1852 पासून दोघांनी दाबलेला वायू बारीक छिद्रातून सोडून पाहिला आणि तो थंड होतो हे मोजले. पुढे 1895 मध्ये जर्मनीत लिंडने याच परिणामाचा उपयोग करून हवा द्रवरूप केली. रुग्णालयांच्या आवारात द्रवरूप ऑक्सिजनच्या उंच पांढऱ्या टाक्या उभ्या असतात, त्यांची कुळी इथून सुरू होते. कोरोनाच्या लाटेत त्या टाक्यांनी किती श्वास चालू ठेवले, हे सांगायला नको.

थडग्यावरचा आकडा

1878 मध्ये ज्यूलने आपला जुना आकडा पुन्हा मोजला. त्याच वर्षी सरकारने त्याला सालाना 200 पौंडांचे निवृत्तिवेतन दिले, कारण प्रयोगांवर खर्च करता करता घरची पुंजी आटली होती. 1879 मध्ये अमेरिकेत एडिसनने आणि इंग्लंडमध्ये स्वानने विजेचे दिवे लावून दाखवले. तारेचे तापणे मोजणाऱ्या माणसाला त्याच तापण्यातून उजेड पडलेला पाहायला मिळाला.

1889 मध्ये पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला ज्यूलचे नाव दिले. त्यानंतर काही आठवड्यांतच, 11 ऑक्टोबर 1889 रोजी, सेल या गावी राहत्या घरी त्याचे निधन झाले. त्याच्या थडग्याच्या दगडावर 772.55 हा आकडा कोरला आहे. इतके पौंड वजन एक फूट खाली उतरले तर एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापते, हा त्याच्या आयुष्यभराच्या कामाचा निष्कर्ष.

भुसावळजवळ दीपनगरच्या केंद्रात कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, चाके फिरतात, वीज होते आणि ती वरणगावच्या घरांत येऊन पुन्हा उजेड आणि उष्णता होते. या साखळीतली प्रत्येक कडी ज्यूलच्या एककात मोजता येते. वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. सैल होल्डरमध्ये आणि काळवंडलेल्या प्लगमध्ये तापून जाणारे ज्यूलही मीटर मोजतोच. ते बिलात भरावे लागतात आणि आगीचा धोका वेगळाच. वायरमनला बोलावून होल्डर बदलून घ्यायला त्यामानाने फारच थोडा खर्च येतो.